चौदा गिअरची पन्नास सीसी

१९६७ साल. सुझुकीची शर्यतीची एक मोटारसायकल. इंजिन पन्नास सीसीचे, तेही दोन सिलिंडरांत विभागलेले. कटिंग चहाच्या एका पेल्यात दोन्ही सिलिंडर सहज मावावेत एवढे. गाडीचे वजन साठ किलोच्या आसपास, वेग ताशी १७० किलोमीटरच्या पुढे. आणि गिअर किती? चौदा.

चौदा गिअर हा कोणा अभियंत्याचा हौशी खेळ नव्हता, ती गरज होती. या गरजेमागे पूर्व जर्मनीतला एक कारखाना आहे, बर्लिनची भिंत आहे आणि एका माणसाचे पलायन आहे. धागा थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

आधी मूळ गोष्ट. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत नेली की ती घरघरते. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी अंगात जोर येत नाही. एक गिअर खाली आणला की तेच इंजिन मोकळा श्वास घेते. इंजिन बदललेले नसते, बदललेले असतात त्याचे मिनिटाचे फेरे. प्रत्येक इंजिन फेऱ्यांच्या एका ठरावीक टप्प्यातच मनापासून काम करते. हा टप्पा म्हणजे त्याचा ‘पॉवर बँड’. वरचा गिअर टाकताच फेरे घसरतात. घसरून ते बँडच्या आतच थांबले तर गाडी पळत राहते. खाली गेले तर वेग मरतो. म्हणजे बँड जितका अरुंद, तितके गिअर एकमेकांच्या जवळ हवेत आणि म्हणून संख्येने जास्त हवेत. रोजच्या मोटारीचा बँड ऐसपैस असतो, तिचे पाच-सहा गिअरांत भागते.

मग सुझुकीचा बँड इतका अरुंद का होता? त्यासाठी सॅक्सनीतल्या चोपाउ या गावी जायला हवे. महायुद्धापूर्वी इथे डीकेडब्ल्यूचा प्रचंड मोटारसायकल कारखाना होता. युद्धानंतर तो पूर्व जर्मनीच्या सरकारी मालकीचा झाला आणि पुढे ‘एमझेड’ नावाने ओळखला जाऊ लागला. शर्यत विभागाचा प्रमुख होता वॉल्टर काडेन. हाताशी पैसा बेताचा, साहित्य त्याहून बेताचे.

टू-स्ट्रोक इंजिनाचे जुने दुखणे असे, की जळलेला वायू बाहेर पडताना ताजे मिश्रणही त्याच्यासोबत निसटते. काडेनने यावरचा उपाय सायलेन्सरच्या नळीतच शोधला. नळी आधी हळूहळू रुंदावत न्यायची आणि मग पुन्हा निमुळती करायची. रुंद होणाऱ्या भागातून परतणारी लाट सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते. निमुळत्या टोकावर आपटून परतणारी लाट निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा आत लोटते, तेही दार मिटण्याच्या अगदी क्षणभर आधी. कल्पनेची बीजे त्याच्या आधीची होती, पण ऑसिलोस्कोपवर दाबाच्या लाटा तपासत तिला गणिताची शिस्त लावली ती काडेनने. १९६१पर्यंत त्याच्या १२५ सीसी इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती निघू लागली, म्हणजे लिटरमागे २००. बाहेरून दाबाने हवा न भरणाऱ्या इंजिनाने तोवर ही मजल गाठलेली नव्हती.

मात्र लाटेचा प्रवास नळीच्या लांबीने बांधलेला असतो. फेरे त्या लांबीशी जुळले तरच ती वेळेवर परतते. थोडे कमी-जास्त झाले की तीच लाट चुकीच्या क्षणी येऊन थडकते आणि इंजिन मलूल होते. ज्यांनी जुनी टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स १०० चालवली आहे, त्यांना हे सौम्य रूपात ठाऊक असेल: फेरे चढता चढता एका क्षणी गाडी एकदम उसळी घेते. काडेनने शक्ती मिळवली, आणि तिची किंमत म्हणून बँड अरुंद करून घेतला.

या गाड्यांवर बसणारा त्याचा उत्तम शर्यतपटू होता अर्न्स्ट डेग्नर. तो नुसता चालक नव्हता, यंत्रातला जाणकारही होता. १९६१च्या मोसमात १२५ सीसीचे जगज्जेतेपद त्याच्या आवाक्यात आले होते. पण त्याच वर्षी १३ ऑगस्टला बर्लिनमध्ये कुंपण उभे राहू लागले. सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये क्रिस्टियानस्टाडची शर्यत होती. त्याच सुमारास डेग्नरची पत्नी आणि मुले एका मोटारीच्या डिकीत दडून पश्चिम जर्मनीत पोहोचली. शर्यतीत डेग्नरचे इंजिन बिघडले. तो चोपाउला परतलाच नाही; डेन्मार्कमार्गे पश्चिमेला निघून गेला. विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसकडे गेले.

डेग्नरचा सुझुकीशी करार आधीच झालेला होता. त्याच हिवाळ्यात तो जपानमध्ये हामामात्सुला पोहोचला, आणि काडेनची विद्याही त्याच्यासोबत तिथे पोहोचली. १९६१मध्ये पिछाडीला धडपडणारी सुझुकी १९६२मध्ये पन्नास सीसी गटाची जगज्जेती झाली. हे त्या गटाचे पहिलेच जगज्जेतेपद, आणि चालक होता अर्न्स्ट डेग्नर. टू-स्ट्रोक गाडीने मिळवलेलाही हा पहिलाच जागतिक किताब. एमझेडच्या वाट्याला मात्र तो कधीच आला नाही.

डेग्नरला चोर म्हणावे का? मला ते सरसकट पटत नाही. कुंपणाआड कुटुंब ठेवून जगभर शर्यती लढणाऱ्या माणसाने निवडलेली वाट समजू शकते. पण काडेनच्या बाजूने पाहिले तर हिशेब कडू आहे: दहा वर्षांची मेहनत एका हिवाळ्यात हातची गेली आणि तिच्यावर नाव लागले दुसऱ्याचे.

पुढे सुरू झाली गिअरांची चढाओढ. पश्चिम जर्मनीच्या क्राइडलरने पायाने चालणारे चार गिअर आणि डाव्या मुठीने फिरवायचे तीन टप्पे जोडून बारा गिअर केले. होंडा फोर-स्ट्रोकवर ठाम राहिली. तिची जुळ्या सिलिंडरची पन्नास सीसी गाडी मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेई आणि तिला नऊ गिअर होते. सुझुकीच्या १९६२च्या गाडीला आठ गिअर होते. चार वर्षांत ते चौदा झाले.

जरा आकडेमोड करू. समजा, बँड १६,००० ते १७,३०० फेऱ्यांचा आहे. म्हणजे दर गिअरला फेरे साडेसात टक्क्यांहून अधिक घसरता कामा नयेत. चौदाव्या गिअरची कमाल गती १७५ धरून मागे मोजत आलो, तर पहिल्या गिअरची कमाल गती साठीच्या थोडी वर येते. अर्थात त्याखाली बँड नाहीच! शर्यत सुटताना क्लच घसरवत, इंजिन किंचाळत ठेवूनच गाडीला तिथवर न्यायचे. वळणाआधी पाच-सहा गिअर मोजून उतरायचे, वळणानंतर तेवढेच चढायचे. एखादा मोजायचा चुकला तर प्रतिस्पर्धी पुढे गेलाच म्हणून समजा. हान्स-गेऑर्ग आन्शाइटने ही कसरत करत १९६६, १९६७ आणि १९६८ अशी सलग तीन जगज्जेतेपदे मिळवली.

खर्च मात्र आवाक्याबाहेर चालला होता. छोट्या कारखान्यांना हे झेपणारे नव्हते. आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम केला: १९६९पासून पन्नास सीसीला एकच सिलिंडर आणि जास्तीत जास्त सहा गिअर. वरचाच हिशेब सहा गिअरांना लावून पाहा; पहिल्या गिअरची कमाल गती ११८च्या घरात जाते. अशी गाडी वळणातून बाहेरच पडणार नाही. गिअरांवर मर्यादा आली आणि त्यासोबत सुईसारख्या अरुंद बँडचाही काळ संपला. आता बँड रुंद करणे भाग होते. सुझुकीने तीन सिलिंडरची पन्नास सीसी गाडी तयार केली होती, ती शर्यतीत उतरलीच नाही. १९६९चे जगज्जेतेपद स्पेनच्या आंखेल निएतोने डर्बीच्या एका सिलिंडरच्या गाडीवर जिंकले.

डेग्नरचे पुढे काय झाले? १९६२च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या नव्याकोऱ्या सुझुका सर्किटवर एका वळणावर तो पडला. पुढच्या वर्षी तिथेच झालेल्या अपघातात गाडी पेटली आणि तो गंभीर भाजला. तो पुन्हा शर्यतीत उतरला, जिंकलाही, पण पहिला डेग्नर परतला नाही. १९८३मध्ये टेनेरिफ बेटावर त्याचे निधन झाले. काडेन चोपाउच्या कारखान्यातच राहिला आणि भिंत पडल्यानंतर काही वर्षांनी, १९९६मध्ये गेला.

सुझुकाच्या त्या वळणाला डेग्नरचेच नाव मिळाले. पुढे त्याची दोन वळणे झाली. जपानची फॉर्म्युला वन शर्यत पाहाल, तेव्हा समालोचक ‘डेग्नर वन’, ‘डेग्नर टू’ म्हणताना ऐकू येतील. आठ गिअरच्या मोटारी तिथे क्षणार्धात गिअर उतरवतात आणि पुलाखालून निघून जातात.