आंबीच्या पाण्याचा वाटा

पानशेतला आंबी नदीवर अडवलेलं पाणी खडकवासल्यात उतरतं. तिथून पुण्याच्या नळांना आणि दौंड-इंदापूरच्या शेतांना जातं. उरलेलं मुठेतून भीमेत, भीमेतून कर्नाटकात कृष्णेत आणि शेवटी आंध्रच्या किनाऱ्याला लागतं. वेल्ह्याच्या डोंगरात पडलेल्या पावसावर खालच्या राज्यांचाही हक्क येतो तो असा. 'आमच्याकडे पडला, म्हणून आमचा' हे का चालत नाही?

एकेकाळी चालत होतं. 1895मध्ये रिओ ग्रांदेच्या पाण्यावरून मेक्सिकोने तक्रार केली, तेव्हा अमेरिकेचे महान्यायवादी जडसन हार्मन यांनी हेच उत्तर दिलं. पण तंटा घरातच, कॅन्सस आणि कोलोरॅडोत, लागला, तेव्हा 1907मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्याय्य वाटपाची कसोटी लावली. सिंध-पंजाबच्या वादात 1942मध्ये राव आयोगाने ती आपल्याकडे आणली. आंतरराज्य जलविवादांसाठी लवाद नेमण्याचा कायदा 1956चा.

1969 साली हा विचार जमिनीवर आणि समुद्रात एकदमच पुढे सरकला. फेब्रुवारीत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने उत्तर समुद्राचा निकाल दिला. डेन्मार्क आणि नेदरलँड्स यांच्या मधोमध पश्चिम जर्मनीचा किनारा आत वळलेला. दोन्हीकडून समान अंतराची रेषा ओढली की जर्मनीच्या वाट्याला चिंचोळी पट्टी. अशी रेषा बंधनकारक नाही, वाटणी न्यायाने व्हावी, असं न्यायालय म्हणालं. एप्रिलमध्ये कृष्णेसाठी बचावत लवाद नेमला गेला. त्याने 75 टक्के भरवशाचं पाणी 2,060 टीएमसी धरलं आणि महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्रला 800 दिले. सप्टेंबर 1960पर्यंतच्या चालू वा विचाराधीन प्रकल्पांच्या वापराला अग्रक्रम मिळाला. पानशेतचं काम तेव्हा चालूच होतं.

आत वळलेल्या किनाऱ्याचाच मुद्दा बंगालच्या उपसागरात बांगलादेशाने मांडला. 2009मध्ये सुरू झालेला दावा 2014मध्ये निकाली निघाला. वादातल्या सुमारे 25,600 चौरस किलोमीटरपैकी 19,467 त्यांना मिळाले आणि भारताने ते मान्य केलं.

परक्या देशाशी पाच वर्षांत मिटलं. कृष्णेचं मात्र दुसऱ्या लवादाच्या 2010 आणि 2013च्या निवाड्यांनंतरही मिटेना. समुद्रातली रेषा एकदा आखली की तिथेच राहते. नदीत वाटायचा असतो तो पाऊस, आणि तो दरवर्षी वेगळा पडतो. म्हणून निवाडा कितीही न्याय्य असला, तरी तुटीच्या वर्षी त्याची परीक्षा नव्याने होते.