दहा मिनिटांत किराणा: डिलिव्हरी रायडरच्या सुरक्षेची जबाबदारी नेमकी कोणाची?

'१० मिनिटांत घरपोच' ही ओळ ब्लिंकिटने जानेवारी २०२६ मध्ये जाहिरातीतून काढून टाकली. त्याआधी २५ आणि ३१ डिसेंबरला देशातल्या अनेक शहरांत डिलिव्हरी रायडरनी संप पुकारला होता आणि दहा मिनिटांची हमी बंद करा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. केंद्रीय कामगार मंत्री मनसुख मांडविया यांनी कंपन्यांशी चर्चा केल्यावर ही ओळ गेली. दूध, कांदे, साबण मात्र अजूनही चहाला आधण येईपर्यंत दारात हजर होतात.

म्हणजे घोषणा गेली, काम तसंच राहिलं. मग रायडरचा धोका नेमका कशात आहे?

दहा मिनिटांचं गणित

किराणा इतक्या लवकर येतो तो मुळात गोदाम जवळ असल्यामुळे. वस्तीच्या मधोमध, ग्राहकांसाठी बंद असलेलं, फक्त ऑनलाइन ऑर्डरींसाठी चालणारं दुकान म्हणजे 'डार्क स्टोअर'. ऑर्डर पडली की आतला कर्मचारी दोन-तीन मिनिटांत पिशवी भरतो आणि बाहेर थांबलेला रायडर ती घेऊन निघतो.

कंपन्यांचा युक्तिवाद याच आधारावर आहे. झोमॅटो आणि ब्लिंकिट चालवणाऱ्या कंपनीचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी संपाच्या काळात समाजमाध्यमांवर हिशेब मांडला होता: अंतर सरासरी दोन किलोमीटरच्या आत, त्यासाठी साधारण आठ मिनिटं, म्हणजे वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास. ग्राहकाला दाखवलेली वेळ रायडरच्या ॲपमध्ये दिसत नाही, असंही त्यांनी सांगितलं.

हिशेब चुकीचा नाही. पण तो सरासरीचा आहे. सरासरीत सिग्नल, खोदलेला रस्ता, सोसायटीच्या गेटवरची नोंदवही आणि बंद पडलेली लिफ्ट दिसत नाही. त्यात गेलेली मिनिटं भरून काढायला रायडरकडे एकच जागा उरते, ती म्हणजे रस्ता.

घड्याळ दिसत नसेल तर घाई कशाची?

पैशांची. बहुतेक ठिकाणी रायडरला महिन्याचा पगार नसतो. दर ऑर्डरमागे काही रक्कम, अंतरानुसार थोडी भर आणि ठरावीक ऑर्डरी पूर्ण केल्या की इन्सेन्टिव्ह, अशी कमाईची रचना असते. समजा, २० ऑर्डरींवर बोनस आहे, १८ झाल्या आहेत आणि स्लॉट संपायला अर्धा तास उरला आहे. अशा वेळी लाल सिग्नलवर थांबणं रायडरला थेट महाग पडतं. त्यात रेटिंगची धास्ती आणि तक्रार झाली तर 'आयडी ब्लॉक' होण्याची भीती असते. स्क्रीनवर घड्याळ लावायची गरजच उरत नाही.

हा अनुभव जगाला नवा नाही. 'अर्ध्या तासात पिझ्झा' ही हमी डॉमिनोजने अमेरिकेत १९९३ मध्ये मागे घेतली. कंपनीच्या एका चालकामुळे झालेल्या अपघाताच्या खटल्यात सेंट लुईस शहरातल्या ज्युरीने कोट्यवधी डॉलरची भरपाई देण्याचा निर्णय दिला होता. दक्षिण कोरियात हीच हमी २०११ मध्ये, डिलिव्हरी करणाऱ्या तरुणांच्या मृत्यूंनंतर उठलेल्या टीकेमुळे बंद झाली. दोन्हीकडे हमी सुटली ती तिची किंमत कंपनीला, पैशात किंवा बदनामीत, मोजावी लागली तेव्हाच.

किराण्याचं ओझं

रायडरच्या सुरक्षेची चर्चा बहुधा वेगापाशी येऊन थांबते. किराण्याच्या डिलिव्हरीत दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे: वजन. बिर्याणीचं पार्सल किलोभराचं असतं. किराण्याच्या एका साध्या ऑर्डरमध्ये पाच किलो पीठ, दोन लिटर तेल, दोन-दोन किलो कांदे-बटाटे आणि तीन लिटर दूध असेल, तर ओझं १३-१४ किलोंच्या घरात जातं. अशा दोन ऑर्डरी एकत्र दिल्या तर किती, ते वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संशोधन संस्थेने, 'नायॉश'ने, हाताने उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. पण ती आदर्श परिस्थितीतली: वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, दोन्ही हातांत नीट पकडलेली आणि कंबर न वळवता उचललेली. जमिनीवरून, वळून किंवा हात लांब करून उचलायचं असेल, तर सुरक्षित वजन बरंच कमी होतं. पिशव्यांचे पातळ बंद बोटांत रुतलेले असताना जिना चढणं या आदर्श परिस्थितीच्या जवळपासही नाही.

गाडीवर ओझं कुठे आहे, यावरही बरंच ठरतं. पाठीवरच्या मोठ्या बॅगेमुळे भार उंचावर जातो. वळताना गाडी जास्त कलंडते आणि अचानक ब्रेक दाबला की बॅग रायडरला पुढे ढकलते. स्कूटरच्या पायठाणावर ठेवलेलं सामान खाली असल्याने तोल बरा राहतो. मात्र ते हँडलला अडत असेल किंवा पाय टेकू देत नसेल, तर तेही धोक्याचंच. जड वस्तू खाली आणि अंगाच्या बाजूला, हलक्या वर, दोन्ही बाजूंना वजन सारखं: हे करायला एखादं मिनिट लागतं. स्टोअरच्या दारात ते मिनिट मिळतं का, हा खरा प्रश्न.

ग्राहकाचा भाग इथे येतो. अनेक सोसायट्यांमध्ये डिलिव्हरीवाल्यांना मुख्य लिफ्ट वापरू देत नाहीत. सर्व्हिस लिफ्ट बंद असेल तर पाच मजले पायी. नकाशावरची खूण चुकीची असेल तर तेवढंच ओझं घेऊन शेजारच्या दोन इमारतींचा फेरा. पत्त्यात विंग आणि गेट नीट लिहिणं, जड सामान असेल तर स्वतः खाली येणं आणि लिफ्टचा मुद्दा सोसायटीच्या बैठकीत काढणं, एवढं तर ग्राहकाच्या हातात आहे. पाचवा तारा देण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

पाऊस, ऊन आणि कुत्री

पावसात ऑर्डरी वाढतात आणि अनेकदा जादा पैसेही मिळतात. म्हणजे रस्ता सर्वांत निसरडा असतो नेमक्या तेव्हाच बाहेर पडण्याचं आमिष मोठं असतं. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या आणि पुलावरचे सांधे यांच्यावर ब्रेक लावला की चाक घसरतं. तुंबलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडं गटार, हे कळायला मार्ग नसतो.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. चक्कर, उलटी, असंबद्ध बोलणं ही उष्माघाताची लक्षणं. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतून वारा घालायचा, रुग्णवाहिका बोलवायची आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. रायडरना बसायला सावली, पाणी आणि स्वच्छतागृह हवं, ही मागणी जुनी आहे. चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये अण्णा नगर भागात त्यांच्यासाठी वातानुकूलित विश्रांतीकक्ष सुरू केला.

जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्स भागात पार्सल द्यायला गेलेला एक तरुण ग्राहकाचा कुत्रा अंगावर आल्याने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि नंतर दगावला. दार उघडण्याआधी कुत्रा बांधायला काही सेकंद पुरतात. चावा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी लागते.

हेल्मेट आणि मोबाइल

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ७४,८९७ दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९. हेल्मेटवर आयएसआय खूण हवी आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला हवा. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट धडकेच्या आधीच उडून जातं.

मोबाइलबाबत नियम स्पष्ट आहे. गाडी चालवताना तो फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो. पण रायडरची नवी ऑर्डर, पत्ता, ग्राहकाचा फोन सगळं त्याच स्क्रीनवर येतं. गाडी चालू असताना ऑर्डर स्वीकारायला लावायचीच नाही, अशी रचना ॲप बनवणाऱ्यांना अवघड नाही.

वरच्या आकडेवारीत 'डिलिव्हरी रायडर' असा रकाना नाही. कारखान्यात माणूस दगावला तर तो कामावरचा मृत्यू म्हणून नोंदवला जातो. पिशवी पोहोचवताना गेलेला रायडर मात्र आकडेवारीत फक्त दुचाकीस्वार असतो.

'पार्टनर' कायद्यात कुठे बसतो?

कंपन्या रायडरला 'डिलिव्हरी पार्टनर' म्हणतात. पार्टनर म्हणजे कर्मचारी नव्हे. त्यामुळे कामावर इजा झाल्यास कर्मचाऱ्याला मिळणारी भरपाई त्याला आपोआप लागू होत नाही.

चार नवे कामगार कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार ही व्याख्या पहिल्यांदा आली. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीत भरायची आहे; तिला कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. या निधीतून अपघात विमा, आरोग्य, अपंगत्व अशा योजना करता येतील. कामाच्या जागेच्या सुरक्षेची संहिता मात्र वेगळी आहे, आणि तिच्यात या कामगारांसाठी अशी स्वतंत्र तरतूद नाही. थोडक्यात, अपघातानंतरच्या मदतीची दिशा ठरली, अपघात टाळण्याची जबाबदारी अजून मोकळीच आहे.

महाराष्ट्राला हा पेच ओळखीचा आहे. बाजारपेठेतल्या हमालालाही एक मालक नव्हता. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या ट्रकवर. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यानंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. सरकार, मालक आणि कामगार यांची मंडळं नेमली गेली. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार चालवायचे, अशी ही व्यवस्था. मालक अनेक असले तरी जबाबदारी गोळा करता येते, हे तेव्हाच सिद्ध झालं. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. नोंदणी, कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारामागे शुल्क, ही त्याची रचना बरीचशी याच वळणाची आहे.

विम्याचा कागद नीट वाचण्याजोगा

सर्वांत मोठी फसगत इथे होते. खासगी दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते: भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि मालवाहतूक वगळून. नमुने आणि वैयक्तिक सामान एवढंच चालतं. त्याच गाडीवर दिवसभर लोकांचा किराणा वाहिला आणि अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. विमा घेतानाच डिलिव्हरीचा वापर सांगून योग्य पॉलिसी घेणं महाग पडतं खरं, पण हप्ते भरून हात रिकामे राहण्यापेक्षा स्वस्त.

मालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यालाही अट आहे. गाडी त्याच्याच नावावर हवी आणि वाहन परवाना वैध हवा. भावाची किंवा मित्राची गाडी घेऊन काम करणाऱ्याला तो मिळत नाही.

भाड्याच्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांचं प्रकरण आणखी वेगळं. मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल, तर ती गाडी 'मोटार वाहन' धरली जात नाही. परवाना नको, नोंदणी नको, सक्तीचा विमाही नको. काम सुरू करायला सोयीचं, पण अपघातानंतर हातात कागद काहीच नाही.

अनेक ॲप कंपन्या रायडरसाठी गट अपघात विमा काढतात. तो फक्त ऑर्डर हातात असतानाच लागू आहे की लॉगइन असेपर्यंत, परतीच्या वाटेवर काय, दवाखान्यात दाखल न होता झालेला खर्च मिळतो का आणि कळवायची मुदत किती, हे कामाच्या पहिल्याच दिवशी विचारून त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. शिवाय वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेतून अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. त्यासाठी बँक खातं पुरतं.

अपघात झाला तर

आधी ११२ किंवा १०८. मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. त्यासाठी अपघाताची माहिती पोलिसांपर्यंत जाणं गरजेचं असतं. मदतीला धावलेल्या माणसाला साक्षीदार होण्याची किंवा नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हेही बघ्यांना सांगण्यासारखं.

जमेल तसे गाडीचे, रस्त्याचे, समोरच्या वाहनाच्या क्रमांकाचे फोटो काढावेत. ॲपमध्ये ऑर्डर चालू असल्याचा स्क्रीनशॉट लगेच घ्यावा. आयडी बंद झाला तर तो पुन्हा मिळणं अवघड. फिर्यादीची प्रत, दवाखान्याचे कागद आणि आधीच्या काही महिन्यांच्या कमाईच्या नोंदी एकत्र ठेवाव्यात, कारण मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई ठरताना उत्पन्नाचा पुरावा लागतो. तिथे दावा सहा महिन्यांत दाखल करण्याची तरतूद आहे. धडक देणारं वाहन सापडलंच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज अपघात घडलेल्या भागातल्या तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याच्या कार्यालयात करायचा असतो.