कालश्रेणीची ओळख : चांदा ते गडचिरोली

एकाच राशीची वेळोवेळी केलेली मोजणी कालक्रमाने मांडली, म्हणजे तिला कालश्रेणी म्हणतात. या व्याख्येतील ‘एकाच’ हा शब्द वाटतो तितका सरळ नाही. आजचा आकडा आणि तीस वर्षांपूर्वीचा आकडा एकाच श्रेणीतील आहेत, हे कशावरून ठरवावयाचे? संगणकावर कालश्रेणी सांभाळणाऱ्या प्रणालींपुढील हा मूलभूत प्रश्न होय. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो पूर्वीपासूनच परिचित आहे. प्रस्तुत लेखात एटापल्ली व त्याच्या परिसराच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ मध्ये चांदा जिल्हा इंग्रजांकडे आला. १८७४ मध्ये अपर गोदावरी जिल्ह्याचा सिरोंचाकडील भाग त्याला जोडण्यात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. १९५९ मध्ये राजुरा तालुका त्यात समाविष्ट झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १९६४ च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी पूर्वेकडील भाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा निर्माण करण्यात आला. १९६१ च्या जनगणनेच्या वेळी एटापल्ली नावाचा तालुकाही नव्हता. एटापल्ली गाव आपल्या जागेवरून हलले नाही. परंतु त्याचा सरकारी पत्ता १९५० पासून १९८२ पर्यंत किमान पाच वेळा बदलला.

आता संगणकप्रणालींकडे वळू. १९९९ मधील आरआरडीटूल या साधनात श्रेणीची ओळख फाइलीच्या नावात व तिच्या आत नोंदलेल्या स्रोताच्या नावात असे. पुढे आलेल्या ग्राफाइट प्रणालीने बिंदूंनी जोडलेले उतरंडीचे नाव स्वीकारले. आपल्या विषयाच्या भाषेत बोलावयाचे, तर आधी राज्य, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि शेवटी ‘पर्जन्य’ असे ते नाव होईल. २०१२ मध्ये आरंभ झालेल्या प्रोमिथियसने उतरंड सोडून दिली. तेथे राशीचे नाव व तिला लावलेल्या खुणा मिळून श्रेणीची ओळख होते. यांपैकी एका खुणेचे मूल्य बदलले, तरी प्रणाली ती नवी श्रेणी समजते. म्हणजे एटापल्लीच्या पर्जन्यमापकाला ‘जिल्हा’ ही खूण लावली असती, तर १९८२ मध्ये जुनी श्रेणी संपून नवी सुरू झाली असती. पाऊस मात्र त्याच रानावर पडत राहिला असता.

उलट बाजूची चूक अधिक घातक असते, कारण ती सहज दिसत नाही. १९८१ च्या जनगणनेत अविभक्त चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २० लक्ष ५६ हजार होती. १९९१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याची सुमारे १७ लक्ष ७२ हजार भरली. केवळ नावावरून हे आकडे जोडले, तर दहा वर्षांत सुमारे १४ टक्के माणसे नाहीशी झाली, असा निष्कर्ष निघेल. वस्तुतः गडचिरोलीचे ७ लक्ष ८७ हजार लोक मिळविले, म्हणजे वाढ सुमारे साडेचोवीस टक्के येते. पहिल्या उदाहरणात एक श्रेणी अकारण तुटते. दुसऱ्यात दोन भिन्न क्षेत्रे एका नावाखाली जोडली जातात.

संकेतांक दिला की प्रश्न सुटतो, असेही नाही. २००१ च्या जनगणनेत गडचिरोलीचा महाराष्ट्रातील जिल्हा-क्रमांक १२ होता. २०११ मध्ये देशव्यापी क्रमांक ५०८ झाला. तेव्हा कोणत्या जनगणनेचा हे सांगितल्याशिवाय संकेतांकही अपुराच. यावर जनगणना विभागाने योजिलेला उपाय विचारणीय आहे. १९०१ पासूनच्या लोकसंख्येतील फरक दाखविणाऱ्या तक्त्यात जुने आकडे नव्या सीमांनुसार पुन्हा जुळवून दिलेले असतात. त्यामुळेच १९८२ पूर्वी अस्तित्वात नसलेल्या गडचिरोलीचीही लोकसंख्या तेथे आढळते. हे आकडे उपयुक्त आहेत. तथापि ते मूळ मोजणीचे नव्हेत, साधित आहेत.

यावरून प्रणालीच्या रचनेविषयी तीन गोष्टी निष्पन्न होतात. श्रेणीला अर्थशून्य पण स्थिर असा क्रमांक असावा. नाव, तालुका, जिल्हा ही तिची विशेषणे मानून प्रत्येकापुढे ती केव्हापासून केव्हापर्यंत लागू होती, हे लिहावे. आणि जोडून किंवा विभागून सिद्ध केलेल्या श्रेणीस स्वतंत्र ओळख देऊन तिची कृती सोबत नोंदवावी.

हा केवळ तांत्रिक काटेकोरपणा नव्हे. एटापल्लीसारख्या दूरच्या वनप्रदेशाविषयी लिखित साधने मुळातच विरळ आहेत. हिवताप वाढला की घटला, पाऊस बदलला की नाही, शाळेत मुले टिकली की गळाली, यांची उत्तरे दीर्घ श्रेणीवाचून मिळत नाहीत. प्रशासकीय फेरबदलागणिक ती श्रेणी तुटू दिली, तर तेथील माणसांचा भूतकाळ प्रत्येक वेळी नव्याने आरंभ होईल. आणि डोळे मिटून जोडली, तर कधी न घडलेल्या घटना त्यांच्या इतिहासात शिरतील. म्हणून आकडा वापरण्यापूर्वी ‘हा कोणत्या सीमेतील?’ हे विचारणे संशोधकाचे पहिले कर्तव्य होय.