मालाडच्या स्टुडिओतली प्रकाशाची शाळा

मालाड पश्चिमेला 'बॉम्बे टॉकीज कंपाउंड' असा पत्ता आजही सांगितला जातो. तिथे आता गाळे, छोटे कारखाने आणि गोदामं आहेत. नाव तेवढं सिनेमाचं उरलं आहे. आमच्या घरात मात्र ते नाव कामाचं होतं. आजीचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मामाआजोबा, तिथे सुतारखात्यात होते. मालाडची वस्ती तेव्हा विरळ होती, सगळीकडे वाड्या आणि ताडाची झाडं. संध्याकाळी स्टुडिओतले दिवे लागले की गावातली पोरं फाटकाशी जमत, असं आजी सांगायची.

हिमांशू राय आणि देविका राणी यांनी 1934 मध्ये एफ. ई. दिनशॉ यांच्या मालाडच्या जागेत हा स्टुडिओ उभारला. ध्वनिमुद्रणाची सोय आणि स्वतःची लॅबोरेटरी तिथेच होती. तंत्रज्ञ जर्मनीहून आले होते. दिग्दर्शनाला फ्रान्झ ऑस्टेन, नेपथ्याला कार्ल फॉन स्प्रेती, लॅबोरेटरीत विल्हेल्म झोले आणि कॅमेऱ्यामागे जोसेफ विर्शिंग. 1903 साली म्युनिकमध्ये जन्मलेले विर्शिंग 'प्रेम संन्यास' या 1925 च्या मूकपटासाठी हिंदुस्थानात येऊन गेले होते. इथलं ऊन त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं. पुन्हा आले ते मालाडला, आणि मग हाच देश त्यांचा झाला.

मामाआजोबा या सगळ्यांना मिळून 'जर्मन साहेब' म्हणत. ते सांगत, "भिंत आम्ही उभी करायची, पण ती किती दिसणार आणि किती अंधारात बुडणार, ते कॅमेरेवाले ठरवणार." खिडकीचे गज हवे तसे कापून द्यायचे, कारण समोरच्या भिंतीवर त्यांची सावली पडायची असे. सुताराने केलेली खिडकी पडद्यावर दिसायचीच नाही, तिची सावली तेवढी दिसायची. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसे, अभिमान असे. पुढे मी 'अछूत कन्या' पाहिला तेव्हा त्यांचं बोलणं उलगडलं. 1936 चा तो चित्रपट. देविका राणींच्या चेहऱ्यावर उजेड सपाट पसरत नाही, गालाशी थांबतो आणि डोळ्यांत उतरतो. जर्मन मूकपटांनी सावलीला पात्राइतकं महत्त्व दिलं होतं, आणि विर्शिंग तीच शिकवण घेऊन आले होते.

पण मला त्यांचं मोठेपण याहून वेगळ्या ठिकाणी दिसतं. हिमांशू राय शिकलेल्या तरुणांना मुद्दाम नोकरीवर घेत, आणि त्यांना या जर्मन मंडळींच्या हाताखाली काम करायला लावत. वर्ग नाही, फळा नाही, प्रमाणपत्र नाही. जवळ उभं राहायचं, पाहायचं, दिवा सरकवायचा आणि पुन्हा पाहायचं. अशोककुमार याच स्टुडिओच्या लॅबोरेटरीत कामाला होते. 1936 च्या 'जीवन नैया'ने त्यांना तिथून उचलून कॅमेऱ्यापुढे आणलं. कॅमेऱ्यामागच्या मंडळींत आर. डी. परींजा हे विर्शिंग यांचे सहायक होते.

या शिकवणीची परीक्षा 1939 मध्ये झाली. युद्ध पेटलं आणि ब्रिटिश सरकारने जर्मन नागरिकांना नजरकैदेत टाकलं. विर्शिंगही गेले. "दोन दिवस सगळा स्टुडिओ सुन्न होता," मामाआजोबा सांगत. "मग पोरांनी दिवे लावले." पुढच्या वर्षी, 1940 च्या मे महिन्यात, हिमांशू राय वारले. आधी गुरू गेले होते, आता मालकही गेला. तरी 1943 साली याच स्टुडिओतून 'किस्मत' आला आणि कलकत्त्याच्या एका थिएटरात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. त्याचं छायाचित्रण परींजा यांचं होतं. पुढे 'मुघल-ए-आझम'चं छायाचित्रण करणारे आर. डी. माथुर हेही बॉम्बे टॉकीजच्याच मुशीतले. गुरू नसताना काम अडलं नाही, याहून मोठी पावती शिक्षकाला कोण देणार?

युद्ध संपल्यावर विर्शिंग मायदेशी जाऊन राहू शकले असते. त्यांनी इथेच पुन्हा काम धरलं. 1949 चा 'महल' त्यांनी चित्रित केला. त्यातला झोपाळा, जिना, रिकामे दिवाणखाने आणि मधुबालाचा अर्धा उजळलेला चेहरा ज्यांनी पाहिला, ते तो विसरलेले नाहीत. कमाल अमरोहींच्या 'पाकीजा'ची सुरुवात कृष्णधवल झाली आणि तो रंगीत सिनेमास्कोपमध्ये पूर्ण झाला. त्याचा कॅमेराही विर्शिंग यांच्याकडेच होता. 1967 मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं तेव्हा चित्रपट अपुरा होता. उरलेलं काम इतर कॅमेरामननी पुरं केलं आणि 1972 मध्ये तो पडद्यावर आला.

चित्रीकरणाच्या धामधुमीत ते लायका कॅमेऱ्याने स्थिरचित्रंही काढत. सेटवर वाट पाहणारे नट, दिवे लावणारे हात, मालाडचं मोकळं रान, सगळं त्यात आहे. हा ठेवा गोव्यात त्यांच्या नातवाने जपला आणि गेल्या काही वर्षांत तो प्रदर्शनांतून आणि पुस्तकातून लोकांपुढे आला. कामगारांचे चेहरे मी त्यात निरखून पाहिले. बहुतेकांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

म्हणून उपनगरांतल्या वाचकांना एक विनंती आहे. मालाड, अंधेरी, गोरेगाव भागात अशी अनेक घरं आहेत, जिथले आजोबा-पणजोबा स्टुडिओत सुतार, रंगारी, लाइटमन किंवा लॅबोरेटरीतले कामगार होते. त्यांचे फोटो पेटीत पडून असतील. ते बाहेर काढा, घरातल्या थोरांना समोर बसवा आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. विर्शिंग यांची चित्रं नातवाने जपली म्हणून आज आपल्याला दिसतात. बाकीच्यांची जपणं आपल्या हाती आहे, आणि सांगणारी माणसं आहेत तोवरच ते जमेल.