शिक्का बसला, प्रथिन हलले नाही

पेशी प्रथिने घडवते कशी, हे शोधणाऱ्यांच्या वाट्याला विसाव्या शतकात भरपूर मानसन्मान आले. ती प्रथिने मोडते कशी, याकडे फार थोडे वळले. मोडतोडीत कसले आले विज्ञान, असाच एकूण सूर. तरी १९५३ साली मेल्विन सिम्पसन यांना यकृताच्या चकत्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती : प्रथिने मोडायलाही ऊर्जा लागते. पोटातल्या पचनात तशी ती लागत नाही, मग पेशीतच का? प्रश्न कित्येक वर्षे पडून राहिला.

तो उचलला हैफाच्या टेक्निऑन संस्थेतल्या अव्राम हर्श्को यांनी. सशाच्या अर्धवट पिकलेल्या तांबड्या पेशींचा अर्क त्यांनी प्रयोगाला घेतला. त्यांचा विद्यार्थी आरोन चेखानोव्हर याने त्या अर्काचे दोन भाग केले. वेगवेगळे ठेवले की दोन्ही निकामी. एकत्र केले की मोडतोड सुरू. यातल्या एका भागात हिमोग्लोबिनच इतके की हवा तो घटक सापडणे मुश्कील. मग त्यांनी तो भाग सरळ उकळला! हिमोग्लोबिन साकळून तळाशी बसले आणि हवा तो घटक वरच्या पाण्यात धडधाकट राहिला. उकळूनही न बिघडणारे प्रथिन म्हणजे नवलच. हे १९७८ साली छापून आले.

पुढचा उलगडा फिलाडेल्फियात, अर्विन रोज यांच्या प्रयोगशाळेत झाला. हा घटक स्वतः काहीच तोडत नाही; जे प्रथिन मोडीत काढायचे त्याला तो घट्ट चिकटतो, शिक्क्यासारखा. १९८० साली शेजारच्या संशोधकांनी त्याची ओळख पटवली : गिडिऑन गोल्डस्टीन यांनी १९७५ मध्ये वासराच्या थायमस ग्रंथीतून वेगळे काढलेले युबिक्विटिन ते हेच. ७६ अमिनो आम्लांचे चिमुकले प्रथिन. यीस्टमधले आणि माणसातले यांत फरक जेमतेम तीन जागी.

शिक्का मारायला तीन विकरांची साखळी लागते आणि ऊर्जा खर्च होते ती पहिल्याच पायरीवर. कोणते प्रथिन मोडायचे याची निवड तिसरे विकर करते. माणसात त्याचे सहाशेच्या वर प्रकार आहेत. चारेक शिक्क्यांची माळ झाली की प्रोटिअसोम नावाचे यंत्र ते प्रथिन उलगडून चिरते. तिथेही ऊर्जा लागतेच. सिम्पसन यांच्या कोड्याचे उत्तर हे असे मिळाले : निवडून मोडायचे तर किंमत मोजावी लागते.

मेंदूच्या आजारांशी या प्रथिनाचे नाते १९८७ साली जुळले. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतल्या गुंत्यांवर युबिक्विटिन असल्याचे जपानी संशोधकांनी दाखवले. पार्किन्सनमधले जे गोळे फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ साली वर्णिले होते त्यांच्यावर आणि एएलएस या चेतापेशींच्या आजारात त्या पेशींतल्या गाठींवरही पाठोपाठ तेच दिसले. म्हणजे शिक्का बसला होता, पण प्रथिन हलले नव्हते. एएलएसमध्ये तर शिक्का आधी दिसला. तो ज्यावर बसला ते टीडीपी-४३ हे प्रथिन ओळखायला २००६ साल उजाडले.

हे साचलेले ढीग आजाराचे कारण की परिणाम, हा वाद मला निकालात निघालेला वाटत नाही. पार्किन्सनच्या एका आनुवंशिक प्रकारात मात्र दोष थेट शिक्का मारणाऱ्यातच निघाला. ऐन तारुण्यात गाठणाऱ्या या प्रकारात बिघडलेले पार्किन हे जनुक १९९८ साली सापडले आणि ते तिसऱ्या विकराचेच जनुक असल्याचे २००० साली सिद्ध झाले.

हर्श्को, चेखानोव्हर आणि रोज यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी या यंत्रणेवरचे पहिले औषध, बोर्टेझोमिब, अमेरिकेत मान्य झाले होते. ते प्रोटिअसोम बंद पाडते आणि मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर चालते. मेंदूच्या आजारांत हवे नेमके उलटे : ही सफाई वाढवणारे औषध. अल्झायमर किंवा पार्किन्सनसाठी तसे मान्यताप्राप्त औषध अजून एकही नाही.