अजिंठ्याचा आठ फुटी साहेब

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज एक केस आहे. डिटेक्टिव्ह दोन: मी, वय वर्षं दहा, आणि माझा आतेभाऊ, वय वर्षं बारा. ठिकाण: अजिंठा, लेणं क्रमांक १०.

दिवाळीची सुट्टी होती. आई-बाबा, आत्या, दादा आणि मी, सगळे एकाच गाडीत कोंबलेले. फर्दापूरजवळ गाडी लावली आणि बसने लेण्यांपर्यंत गेलो. वाघूर नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण आणि त्या कड्यात ओळीने कोरलेली तीस लेणी. खरं सांगू? तिसऱ्या लेण्यातच आम्हा दोघांना कंटाळा आला होता. बाहेर झगझगीत ऊन, आत काळोख, आणि मोठी माणसं कुजबुजत "वा, वा" करतायत.

दहाव्या लेण्यात मात्र गाइडकाकांनी एका खांबावर बॅटरी मारली. म्हणाले, "इथे एका गोऱ्या साहेबाचं नाव आहे. जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९."

आम्ही माना वर केल्या. नाव बाबांच्या डोक्याच्याही वर होतं!

"साहेब आठ फुटांचा असणार," दादा म्हणाला.

झालं, केस सुरू! गाइडकाका सांगायला लागले, तर आम्ही त्यांना गप्प केलं. आम्हालाच शोधायचं होतं. एवढीच माहिती घेतली की स्मिथ मद्रासच्या फौजेतला, घोडदळातला होता आणि वाघाच्या शिकारीला आला होता. दादा म्हणाला, घोड्यावर बसून कोरलं असेल. पण लेण्यात घोडा? मग शिडी? शिकारीला शिडी घेऊन कोण जातं? कुणाच्या तरी खांद्यावर चढला असेल? ते करून बघायला मी बाबांच्या खांद्यावर चढणार, तेवढ्यात पहारेकऱ्याची शिट्टी वाजली.

आणि मला एकदम आजीचं घर आठवलं. घरासमोर आधी तीन पायऱ्या होत्या. गल्लीत डांबराचे थर चढत गेले आणि पायऱ्या एकेक करून रस्त्याखाली गेल्या. आता एकच उरलीय.

"साहेब उंच नव्हता!" मी ओरडले. "जमीन उंच होती!"

गाइडकाकांनी चक्क टाळी दिली. लेणी ओस पडल्यावर शेकडो वर्षं आत माती, दगड साचत गेले. स्मिथ उभा होता तो सुमारे पाच फूट उंचीच्या ढिगाऱ्यावर. पुढे ढिगारा काढला, जमीन खाली आली आणि नाव वरच राहिलं. केस सुटली.

पण मग दादाने विचारलं, "एवढ्या जंगलात साहेबाला लेणं सापडलं कसं?"

काका म्हणाले, "गोष्ट अशी सांगतात की एका गुराख्याच्या पोराने वाट दाखवली."

"त्याचं नाव कुठंय?"

ते कुठेच नाही. म्हणजे बघा, पुस्तकात आपण वाचतो की स्मिथने अजिंठ्याचा शोध लावला. पण त्या पोराला तर ते आधीच ठाऊक होतं!

बाहेर पडताना काकांनी आणखी एक नाव दाखवलं. दर्शनी कमानीवर ब्राह्मी लिपीत कोरलंय: वासिठीपुत कटहादी. हे लेणं अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी, इसवी सनापूर्वीचं. त्याची दर्शनी बाजू या माणसाने दान दिली. म्हणजे एकाच लेण्यात तीन माणसं. एकाने काही दिलं, म्हणून त्याचं नाव. एकाने वाट दाखवली, त्याचं नावच नाही. आणि एकाने ओरखडा काढला, तोही रंगवलेल्या चित्रावर.

इथे माझ्या पोटात गोळा आला. कारण आदल्याच दिवशी एका किल्ल्याच्या भिंतीवर, जुन्या चुन्यात, मी बाबांच्या गाडीच्या किल्लीने माझं नाव कोरलं होतं. कुणी बघितलं नव्हतं. दादाला मी ते अभिमानाने सांगितलंही होतं.

परतीच्या बसमध्ये बाबांना सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "आता ते पुसता येणार नाही गं." ओरडले असते तर बरं झालं असतं.

मोठी झाल्यावर वाचलं की १८४४ पासून रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं इथे राहून या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बऱ्याचशा १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. म्हणजे या मूळ भिंतींवर उरलंय तेच खरं. १९८३ पासून अजिंठा जागतिक वारसा आहे, आणि दहाव्या लेण्यात स्मिथच्या नंतरची नावं आजही दिसतात.

स्मिथची तारीख इतिहासाला उपयोगी पडली, हे खरंय. माझं नाव कुणाच्याच उपयोगाचं नाही. पण ते त्या भिंतीवर आहे, माझ्या दहा वर्षांच्या उंचीवर.

तर दोस्तांनो, पुढच्या ट्रिपला कंटाळा आला की एखादी गोष्ट चुकीच्या उंचीवर दिसतेय का ते शोधा. सापडली तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. आणि किल्ली खिशातच ठेवा, बरं का! भेटू पुढच्या भागात.