सन्मान निधी : सातबाऱ्यावर आधारलेली मदत

अल्पभूधारक शेतकऱ्याला सरकारी मदत पूर्वी प्रामुख्याने खते, बियाणे, वीज वा कर्जावरील व्याजात सवलतीच्या रूपाने मिळत असे. ही रक्कम रोखीने थेट बँक खात्यात जमा करण्याचा देशव्यापी प्रयोग म्हणजे 'प्रधानमंत्री किसान सन्मान निधी' योजना होय. १ फेब्रुवारी २०१९ रोजी अंतरिम अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली व त्याच महिन्यात गोरखपूर येथे शुभारंभ झाला.

स्वरूप : पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत दिले जातात. कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले. प्रारंभी २ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांपुरतीच असलेली ही योजना २०१९ च्या मध्यास सर्व जमीनधारकांना खुली झाली. तथापि संस्थात्मक जमीनधारक, आयकरदाते, घटनात्मक पदांवरील व्यक्ती, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी कर्मचारी तसेच वकील, डॉक्टर यांसारखे नोंदणीकृत व्यावसायिक अपात्र ठरतात. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात 'नमो शेतकरी महासन्मान निधी' जाहीर करून आणखी ६,००० रुपयांची भर घातली. त्याचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये शिर्डी येथील कार्यक्रमात वितरित झाला.

क्षेत्राचा प्रश्न : रक्कम एकसारखी असल्याने दहा गुंठेवाल्यास व दहा एकरवाल्यास सारखेच पैसे मिळतात. त्यामुळे लहान शेतकऱ्याच्या उत्पन्नात या मदतीचा वाटा तुलनेने मोठा असतो. याउलट तेलंगणाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या 'रयतु बंधू' योजनेत प्रारंभी प्रत्येक हंगामास एकरी ४,००० रुपये देण्यात आले. साहजिकच अधिक जमीन असणाऱ्यास अधिक लाभ झाला.

कोण वगळले जातात : लाभाचा आधार जमिनीची नोंद हा आहे, प्रत्यक्ष कसणे हा नव्हे. बटईने शेती करणारा त्यामुळे बाहेर राहतो. महाराष्ट्रात १९४८ च्या व तत्सम कुळकायद्यांनंतर, कुळाचा हक्क लागेल या धास्तीने जमीनमालक लेखी करार टाळतात. बटई तोंडीच ठरते. पेरणीचा खर्च आणि पावसाची जोखीम यांत वाटेकरी असणाऱ्याकडे दाखवायला कागद नसतो. ओडिशाच्या 'कालिया' योजनेने मात्र बटईदार व भूमिहीन शेतमजूर कुटुंबांचा समावेश केला होता.

वारसांची अडचण निराळी आहे. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना लाभ मिळत नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने जमीन आलेल्यांना मात्र ही अट लागू नाही. परंतु त्यासाठी वारसनोंदीचा फेरफार मंजूर व्हावा लागतो. भाऊबंदकीच्या वादात तो अडला, की शेत कसणाऱ्या विधवेचाही लाभ अडतो.

हप्ता थांबण्याची कारणे : ई-केवायसी अपूर्ण असणे, बँक खाते आधारशी जोडलेले नसणे, जमिनीचा तपशील योजनेच्या नोंदीशी संलग्न नसणे ही प्रमुख कारणे होत. त्यामुळे हप्ता चुकल्यास प्रथम या तीन बाबी तपासणे हिताचे ठरते.

केंद्राची वार्षिक रक्कम २०१९ मध्ये ठरली, ती महिन्याला ५०० रुपये भरते. महागाईशी तिची सांगड घातलेली नसल्याने तिचे वास्तव मूल्य दरवर्षी घटत जाते.